तरवडाखालचा डबा

अनसिंग, १ मार्च १९७६

चि. जिनदास,

नाही, वाडी मी साफ करनार नाही. तरवड उपटनार नाही, आघाडा उपटनार नाही, अन् काट्याच्या कुपाटीवरची रानतुळस तं मुळीच नाही. तू विचारलं नाही हे मले माहीत आहे. पन दिवाळीले आले व्हते तवा कुपाटीकडं पाहून तुह्या बायकोनं पदर नाकाले लावला, तवाच समजलं तुमच्या मनात काय चालू राह्यलं ते. म्हनून आधीच सांगून टाकते, मंग कटकट नको.

दोन सालाआधी मीच बाया लावून वाडी घासूनपुसून आंगनावानी केली व्हती. लोक म्हनत, पाहा प्रेमाबाईची वाडी, कशी आरशासारखी. आरशात काकड्या लागत नाहीत. येल चढले, पिवळीजरद फुलं आली अन् सारी गळाली. दोडक्याचं तेच. मारोतराव म्हने, देवाचं काही चुकलं असन, नारळ फोडा. मी म्हनलं, नारळ कायले? माशी कुठं आहे ते पाहा. माशीच नव्हती. तिले खाले मी काही ठेवलंच नव्हतं. ज्या घरी चूल पेटत नाही तिथं पाहुना थांबते का?

मंग सोडून देलं. जे आपल्या मातीत आपसूक येते ते येऊ देलं. तरवड सदा पिवळा राह्यते. निरगुडी आहे, कोपऱ्यात करंज आहे, शेवग्याच्या फुलाचा तं खाली सडा. इहिरीजवळच्या भितीच्या खबदाडात बारक्या माश्यायचं मोहळ बसलं. दुसरं निंबावर. पोट्टे मधासाठी धूर कराले आले व्हते, काठी घेऊन हाकलले. मध आपल्यात चालत नाही ते बरंच आहे. माश्यायचा अन् माहा काही देवघेवीचा कारभारच नाही. त्या त्यायचं काम करतेत, मी माहं.

यंदा काकड्या अशा लागल्या का लिलाबाई डालीनं बजारात नेते. लिलाबाई म्हनजे जानरावची बायको. आपल्या धुऱ्याले, बांधाले लागून ज्यायचं वावर आहे तो जानराव. ती पानी आपल्याच इहिरीवर भरते. त्याच्यावरून गावात कुजबुज झाली व्हती, का जैनाच्या इहिरीवर बौद्धाची बाई कशी. मी म्हनलं, मी पानी गाळून पेते, मानसं गाळत नाही. 

काम एकच आहे. ऊन तापलं. माश्यायसाठी मी मातीच्या परळात पानी ठेवते, अन् वांदरं येऊन परळ फोडतेत. तुह्या दुकानात जाड पत्र्याचं काही रिकामं पडलं असन तं पुसदच्या मोटरीनं पाठवजो. नवीन इकत घेऊ नको. उगाच थाट नको.

तुही आत्या


वाशीम, ६ मार्च १९७६

तीर्थरूप आत्याबाईंना जिनदासचा जयजिनेंद्र.

आपलं पत्र पोचलं. वाडीबद्दल आमच्यात कोणी काही बोललं नव्हतं. भंवरीला त्या दिवशी सर्दी होती, म्हणून पदर लावला होता. आपण मनात ठेवू नये.

धनसिंग ड्रायव्हरजवळ दोन डबे देतो आहे. दुकानातलेच आहेत. पत्रा चांगला जाड आहे, वांदरानं आपटला तरी फुटायचा नाही. वरचा कागद खरडून काढला, नाहीतर आपण म्हणाल कसले रंगीबेरंगी डबे पाठवले. नोकराकडून गरम पाण्यानं धुवूनही घेतले. आता चांदीसारखे दिसतात. असे डबे लोक आमच्याकडून मागून नेतात, मी आपल्यासाठी निवडून बाजूला ठेवले.

दुकान बरं चाललं आहे. बियाण्यापेक्षा औषधालाच गिऱ्हाईक जास्त. आपले जानरावही येऊन गेले. मिरचीवर बोकड्या पडला म्हणत होते, पानं सारी आकसली. औषध नेलं, पंप भाड्यानं मिळवून दिला. जैनाच्या पोरानं किडे मारायची औषधं विकू नयेत असं आपण मागे म्हणाला होता. आत्याबाई, मी विकतो, मारत नाही. हा वाद आता आपण सोडून द्यावा अशी विनंती.

नेमीचंद शाळेत जातो. आजीकडे केव्हा जायचं म्हणून रोज विचारतो.

आपला,
जिनदास


अनसिंग, २२ मार्च १९७६

चि. जिनदास,

डबे पोचले. धनसिंगनं मोटर थांबवून सोता घरी आनून देले, चहा पेऊन गेला. डबे खरंच नामी आहेत. एक तरवडाखाली ठेवला. आतमंदी गोटे टाकले अन् वर जवारीच्या धांड्याचे तुकडे, का माशीले बसाले जागा पायजे, नाहीतं बुडते बिचारी. पानी गाळूनच टाकते. गाळन्यात जे राह्यते ते जसंच्या तसं परत इहिरीत सोडते. माश्या तहानल्या म्हनून पान्यातल्या जीवायले काहून मारा?

दुसऱ्या दिवशीच आल्या. धांड्यावर अशा रांगेनं बसल्या जशी लग्नाची पंगत. कोनाले घाई नाही. मी पाहत बसली तं चुलीवरची भाकर करपली.

काही मरून पडलेल्याही दिसल्या. ऊन लय आहे, त्यानं असन.

इतवारी जानराव पाठीवर पंप घेऊन, तोंडाले फडकं बांधून वावरात फिरून राह्यला व्हता. वास आपल्या ओसरीवर आला. मले नाही आवडलं.

दुसऱ्या डब्याचं मंग सांगीन. कारड भरलं.

आत्या


अनसिंग, २ एप्रिल १९७६

चि. जिनदास,

भितीतलं मोहळ खलास झालं.

आधी दहा-वीस पडत, आता रोज झाडूनं गोळा करा लागते. खबदाडाले कान लावला तं आतून आवाज नाही. सारी रात जे भनभन ऐकू येत व्हतं ते बंद. पान्याच्या डब्याभोवतीच जास्त पडल्या आहेत. एवढं बरं का पानी पेऊन मेल्या, तहानेल्या नाही गेल्या.

मी सरळ जानरावच्या वावरात गेली. म्हनलं, "जानराव, काय मारलं तू?"

"मिरचीवर दवा मारली, बाई. दुसरं काय मारीन?"

"माह्या माश्या मेल्या."

"तुमच्या माश्या माह्या मिरचीवर कायले येतीन? अजून फूल तरी आहे का तिले? पाना-पानाचं भजं झालं नुसतं."

"वाऱ्यानं आली असन तुही दवा. वाऱ्याले धुरा नसते."

"वारा तुमच्याकडं नव्हता, माह्या तोंडावर व्हता. हे डोळे पाहा माहे."

डोळे लाल व्हते खरे. पन मी थांबली नाही. म्हनलं, "तुम्ही तं पंचशील घेतलं नं? जीव मारू नये म्हनून?"

तो म्हने, "घेतलं, बाई. मीनं घेतलं, बोकड्यानं नाही घेतलं."

आजूबाजूचे मजूर हासले. मले राग आला. मी म्हनलं, "मंग बोकड्याले मार, माह्या जीवायले कायले मारतं? मारेकरी आहेस तू." हे मोठ्यानं म्हनलं. सगळ्यायनं ऐकलं. लिलाबाई तिथंच बादली घेऊन उभी व्हती. त्या दिवसापासून ती आपल्या इहिरीवर येत नाही. नाल्यावर जाते, इतक्या दूर, तेही उन्हाची.

आता तू सांग. दवा तुह्याच दुकानातली आहे, तुले तिचा गुन माहीत. वाऱ्यानं येऊन माशी मरते का नाही, ते साफ लिहून दे. तुही चिठ्ठी दाखवली का जानराव कबूल होईन. मले दुसरं काही नको. त्यानं कबूल व्हावं.

निंबावरचं मोहळ अजून आहे. तेवढं वाचलं पायजे.

आत्या


वाशीम, ६ एप्रिल १९७६

तीर्थरूप आत्याबाईंना जयजिनेंद्र.

आपलं पत्र वाचून वाईट वाटलं. आपण एवढं मनाला लावून घेऊ नका. उन्हाळ्यात माश्यांचं असं होतं कधीकधी.

आपण विचारलं त्याबद्दल. फवाऱ्याचं औषध वाऱ्यानं लांब जाऊ शकतं. अगदी जानरावांच्याच हातून झालं असं मी म्हणत नाही, पण झालं नसेलच असंही सांगता येत नाही. वाऱ्याचं कोण सांगणार?

एक दुसरी गोष्ट. ते डबे आपण आता वापरू नका. हा पत्रा पाण्यानं गंजतो, दिसायलाही वाईट. धनसिंगजवळ चिनी मातीची दोन भांडी पाठवतो आहे, ती ठेवा. डबे मला परत पाठवायची गरज नाही. कुठंतरी लांब खड्डा करून टाकून द्या, दोन्ही. त्यातलं पाणी झाडांना घालू नका, आणि डबे हाताळल्यावर हात साबणानं धुवा. गंज हाताला लागतो म्हणून लिहिलं, दुसरं काही नाही.

दुसरा डबा कुठं ठेवला ते आपण लिहिलं नव्हतं. तो कुठं आहे? सहज विचारतो.

नेमीचंदला ताप होता, आता उतरला.

आपला,
जिनदास


अनसिंग, १० एप्रिल १९७६

चि. जिनदास,

गंज म्हने! उन्हात लखलख करून राह्यला डबा, अन् तुले वाशीमात बसून गंज दिसला. नवरीसारखं जपून ठेवलं ते मी फेकू, अन् तुही चिनी माती ठेवू? धनसिंगच्या मोटरीत ती चिनी माती ठिकऱ्या होऊन आली. घे. वांदरायचं कामही धनसिंगनंच करून टाकलं. मले थाट नको म्हनून आधीच सांगितलं व्हतं. तुम्ही दुकानदार लोक जुनं फेकल्याबिगर नवीन खपत नाही असेच.

बाकी तुही चिठ्ठी कामाची आहे. "झालं नसेलच असंही सांगता येत नाही", हे बरं लिहिलं. उद्या पारावर चार मानसं बसली का वाचून दाखवते. जानरावही असतेच तिथं.

दुसऱ्या डब्याचं विचारलं. तो लिलाबाईले देला, भांडनाच्या आधीच. तिले लय आवडला. म्हने, "बाई, याच्यात सारी वस्ती मावन." चवदा तारखेले त्यायची जयंती आहे. मिरवनूक निंघते, अन् ह्या वर्षी सरबत लिलाबाईकडं आहे. साखर, लिंबं जमवून राह्यली महिनाभर. डबा धुवून, पांढऱ्या फडक्यात बांधून उतरंडीवर ठेवला तिनं, पोट्ट्यायले हात लावू देत नाही. आता तू म्हनतं टाकून द्या. देल्लेली वस्तू मागून घेते का कोनी? तेही आता, का जवा बोलनं बंद आहे?

हे धनसिंगजवळच देते. टपालाचा भरवसा नाही.

आत्या


वाशीम, १३ एप्रिल १९७६

आत्याबाई,

लिलाबाईंकडचा डबा आधी काढून घ्या. हे पत्र पुढं वाचू नका, आधी जा. मग वाचा.

ते एंड्रीनचे डबे आहेत. आमच्याकडचं सगळ्यात जहाल औषध. ते तेलासारखं असतं, पत्र्याला धरून बसतं, गरम पाण्यानं जात नाही. हे मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो, की बाबा, रिकामा डबा घरात वापरू नको. आणि आपल्याला पाठवताना वरचा कागद मीच खरडला. त्या कागदावर कवटीचं चित्र होतं. चांगला दिसावा म्हणून काढलं. आपली आत्या, आपलं घर, काय होतंय, असं वाटलं असेल. काय वाटलं ते मला आता आठवतही नाही.

जानरावांच्या औषधाचा काही संबंध नाही. आपल्या दोन तारखेच्या पत्रात डब्याभोवती जास्त पडल्या असं वाचलं, तेव्हाच मला कळलं.  आपण जन्मभर पाणी गाळून प्यालात. गाळण्यातला जीव परत विहिरीत सोडता. आणि आपल्याच हातून एवढे जीव गेले हे मी आपल्याला कसं कळवणार होतो? म्हणून वाऱ्याचं लिहिलं. वाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

आपलं पत्र काल धनसिंगनं महावीर जयंतीच्या मिरवणुकीत माझ्या हातात दिलं. पालखीचा दांडा माझ्या खांद्यावर होता. मिरवणूक संपल्यावर वाचलं.

मी स्वतः निघालो असतो, पण आज माल उतरतो आहे आणि दुकानात दुसरं कोणी नाही. धनसिंगला बजावलं आहे की संध्याकाळच्या आत आपल्या हातात द्यायचं.

दुकान बंद करू का? आपण सांगाल तसं करीन. मला सांगा.

जिनदास


अनसिंग, १९ एप्रिल १९७६

जिनदास,

धनसिंगची मोटर रस्त्यात बिघडली. तुही चिठ्ठी मले चवदा तारखेले दुपारी भेटली. मिरवनूक तवा वस्तीत परत गेली व्हती.

पहिली ओळ वाचली अन् तशीच पळाली, पायात काही न घालता. ह्या वयात मी पळते हे पाहून गावातली कुत्री मागं लागली. वस्तीत पोचली तं सारे मांडवात बसलेले. लहान लहान लेकरं गिलास चाटून राह्यली व्हती. मी एका पोरीच्या हातातला गिलास हिसकला. ती रडली. लिलाबाई पुढं आली. मी म्हनलं, "सरबत कशात केलं?"

ती म्हने, "गुंडात. पितळेच्या. मनकर्णाबाईच्या घरून आनला."

"अन् डबा?"

"तुमचा डबा तुमाले आनून देला नं ह्यायनं. इसरल्या का?"

 पळता पळता मी इसरलीच व्हती.

कसं झालं ते सांगते. अकरा तारखेले मी पारावर तुही चिठ्ठी वाचली. "झालं नसेलच असंही सांगता येत नाही." मोठ्यानं वाचली, दोन डाव वाचली.  जानरावनं बिडी इझवली अन् उठून गेला. दिवेलागनीले डबा घेऊन आला अन् उंबऱ्यावर ठेवला. फडकं तसंच बांधलेलं. म्हने, "ज्या घरी आमी मारेकरी, त्या घरच्या डब्यात आमचं सरबत नको." अन् गेला.

म्हनजे मी खोटा आळ घेतला म्हनून वस्ती वाचली. चांगली वागली असती तं काय झालं असतं, ते तू सांग. मले त्याचा हिशोब लागत नाही. देवालेही लागत नसन.

अन् पुढं आईक. तो परत आलेला डबा मी रिकामा कायले ठेवा म्हनून निंबाखाली ठेवला. दुसऱ्या मोहळासाठी. गाळलेलं पानी, गोटे, धांडे, सारं बराबर. तू फेका म्हनून लिहिलं व्हतं. काहून फेका ते नव्हतं लिहिलं. तुही खरी चिठ्ठी आली तवा निंबाखाली सडा पडला व्हता. मोहळाचं पोळं वर आहे, माशी नाही. वाळल्या भाकरीसारखं लटकून राह्यलं.

दुसऱ्या दिवशी त्याच पारावर तुही दुसरी चिठ्ठी वाचली. तीही मोठ्यानं, तीही दोन डाव. जानरावची माफी मागितली. त्यानं ऐकून घेतलं, मंग म्हने, "बाई, तुमी पानी गाळलं. पत्रा गाळाचा राहून गेला." त्या दिवशी कोनी हासलं नाही.

डबे त्यानंच नेले. नाल्यापलीकडं मुरमात कंबरभर खड्डा केला अन् ठेचून पुरले. मले हात लावू देला नाही.

लिलाबाई काल येऊन गेली. मातीचं नवं परळ तरवडाखाली ठेवलं, पानी भरलं, गोटे टाकले. माह्याशी बोलली नाही. पन आपल्या इहिरीचं पानी भरलं. वांदरं फोडतीन तं फोडतीन.

तरवड तसाच पिवळा आहे. करंजाले फूल आलं. सकाळी उठून तिथं उभी राह्यते, कान देते. काही नाही. एक भुंगा येते काळा, रुईवरून उडून जाते, पान्याकडं फिरकत नाही. काकडीचं फूल सकाळी उघडते, सांजेले गळते. एवढ्या फुलाफुलाची वाडी अन् अशी गप, मले रातीले झोप लागत नाही. मी उपास धरला आहे. किती दिवसाचा ते विचारू नको, अन् भंवरीले सांगू नको, ती रडत येईन. मले गर्दी नको.

आता तुहं. चिठ्ठी बारा तारखेले तुह्या हातात पडली. लिहिली तेराले. वाशीमहून अनसिंगले मोटर येते, बंडी येते, सायकल येते. सारी वस्ती चवदाले सरबत पेनार व्हती हे तुले ठाऊक व्हतं. तू कागद पाठवला अन् माल उतरवून घेतला.

दुकान बंद करू का म्हनून मले विचारतं. आधी वाऱ्यावर ढकललं, मंग धनसिंगवर, आता माह्यावर. डबा तुहा, हात माहा. इथवर आपन दोघं बराबरीचे आहो. माह्या हाताचं मी पाहून राह्यली. तुह्या दुकानाचं तू पाह्य. बंद कर म्हननार नाही, चालव म्हननार नाही. पुन्हा विचारू नको. मी काही सांगनार नाही.

आत्या